वायरलेस गिअर, जुनी सायकल: शिरूर-दौंडच्या सायकलपटूंनी खिशात हात घालण्याआधी काय तपासावं?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. १९ ते २३ जानेवारी असे पाच दिवस, एक प्रोलॉग आणि चार टप्पे, एकूण अंतर ४३७ किलोमीटर. जागतिक सायकलिंग संघटना म्हणजेच यूसीआयच्या २.२ दर्जाची, अनेक टप्प्यांची ही भारतातली पहिलीच रोड रेस. न्यूझीलंडच्या ल्यूक मडग्वेनं ती जिंकली.

शर्यत संपली, पण जिल्ह्यातल्या हौशी सायकलपटूंच्या डोक्यात एक किडा सोडून गेली. अशा शर्यतींचे व्हिडिओ पाहिले की एक गोष्ट नजरेत भरते. खेळाडूचं बोट जरासं हलतं, मोटरचा बारीक आवाज येतो आणि चेन दुसऱ्या गिअरवर सरकते. केबल ओढायची नाही, खटखट नाही. याला म्हणतात वायरलेस इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग.

मग साहजिकच प्रश्न येतो: आपल्याकडे आहे त्या सायकलला हे बसेल का? सगळी सायकल न बदलता, जुनी चाकं, जुनी कॅसेट, जुने ब्रेक ठेवून, फक्त गिअरचा भाग बदलता येईल का? एका कंपनीचा डिरेलर, दुसऱ्याची कॅसेट, तिसऱ्याची चेन अशी मिसळ चालेल का?

थोडक्यात उत्तर असं आहे. गिअरची मिसळ बऱ्याचदा जमते. हायड्रॉलिक ब्रेकची मिसळ करू नये. आणि शिरूर किंवा दौंडसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला पुण्यातल्या माणसापेक्षा एक प्रश्न जास्त विचारावा लागतो: बिघडलं तर नीट कोण करणार?

आता हे सगळं सविस्तर समजून घेऊ.

हा प्रश्न आत्ताच का आला?

पहिलं कारण शर्यत. ते वर आलंच.

दुसरं कारण कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि सायकलच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पण इथे एक गोष्ट विसरू नका. वायरलेस गिअरचे बहुतेक संच परदेशातून येतात. त्यामुळे जीएसटीच्या आधी सीमाशुल्क लागतंच. जीएसटी कमी झाला म्हणून दुकानातली किंमत तितकीच खाली येईल, असं गृहीत धरू नका.

तिसरं कारण चीन. आधी या बाजारात तीनच मोठी नावं होती: जपानची शिमानो, अमेरिकेची स्रॅम आणि इटलीची कॅम्पॅग्नोलो. त्यांचा पूर्ण इलेक्ट्रॉनिक संच घ्यायचा म्हटलं की आकडा लाखाच्या घरात जातो. गेल्या काही वर्षांत व्हीलटॉप आणि एलटू या चिनी कंपन्यांनी बऱ्याच कमी किमतीत वायरलेस संच बाजारात आणले. त्यामुळे ज्यांनी आधी विचारच केला नसता, तेही आता हिशेब मांडू लागले आहेत.

केबल आणि वायरलेसमध्ये नेमका फरक काय?

साध्या गिअरमध्ये हँडलवरचा लिव्हर दाबला की आतली तारेची केबल ठरावीक लांबीनं ओढली जाते. ती केबल मागच्या चाकाजवळच्या डिरेलरला ओढते. डिरेलर म्हणजे चेनला या चकतीवरून त्या चकतीवर ढकलणारा हात. केबल किती मिलिमीटर ओढली की हा हात किती सरकायचा, याचं प्रमाण प्रत्येक कंपनीचं वेगळं. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांमध्येही ते वेगळं असतं. म्हणून केबलच्या जमान्यात एका कंपनीचा लिव्हर आणि दुसऱ्या कंपनीचा डिरेलर ही जोडी सहसा जमत नसे.

वायरलेसमध्ये केबलच नाही. हँडलवरचं बटण रेडिओ संदेश पाठवतं, डिरेलरमधली छोटी मोटर चेनला नेमून दिलेल्या जागी नेते. मग लिव्हर किती ओढतो हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो एवढाच: मागच्या चकत्यांमधलं अंतर डिरेलरला माहीत आहे का?

मिसळ जमण्याचं मूळ कारण हेच आहे.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. फ्रान्सच्या माविक कंपनीनं १९९० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक गिअर आणले होते आणि १९९९ मध्ये मेक्ट्रॉनिक नावाचा वायरलेस संचही काढला होता. तो फार टिकला नाही. २००९ मध्ये शिमानोनं ड्युरा-एस डीआयटू आणला. तो चालला, पण त्यात वायर होती. रोड बाइकचा पूर्ण वायरलेस संच बाजारात रुजवला तो स्रॅमनं, २०१५ च्या रेड ई-टॅपमधून.

ई-टॅपची पद्धत मजेशीर आहे. उजवं बटण दाबलं की गिअर जड होतो, डावं दाबलं की हलका होतो, दोन्ही एकदम दाबली की पुढचं चेनव्हील बदलतं. पहिल्या दिवशी गोंधळ उडतो, पण काही राइडमध्ये सवय होते.

२०१९ मध्ये स्रॅमनं १२ गिअरचा एएक्सएस संच आणला. २०२१ मध्ये शिमानोचा १२ गिअरचा डीआयटू आला. त्याबद्दल एक गैरसमज आहे. लोक त्याला वायरलेस म्हणतात, पण तो अर्धाच वायरलेस आहे. हँडलपासून मागच्या डिरेलरपर्यंत संदेश हवेतून जातो. पुढचा आणि मागचा डिरेलर मात्र फ्रेमच्या आत बसवलेल्या एकाच बॅटरीला वायरनं जोडलेले असतात. म्हणजे फ्रेममध्ये वायरसाठी वाट असणं गरजेचं. जुन्या स्टील किंवा ॲल्युमिनियमच्या फ्रेमला ती वाट नसेल, तर हा संच बसवताना अडचण येते. कॅम्पॅग्नोलोनं २०२३ मध्ये आपला पूर्ण वायरलेस संच आणला.

मिसळ कुठे जमते?

सर्वात सोपी जागा म्हणजे ११ गिअरची सायकल.

शिमानो आणि स्रॅम या दोघांच्याही ११ गिअरच्या रोड कॅसेटमध्ये चकत्यांमधलं अंतर जवळजवळ सारखं, सुमारे ३.७ मिलिमीटर आहे. त्यामुळे ११ गिअरचा स्रॅम ई-टॅप डिरेलर शिमानोच्या कॅसेटवर आणि चेनवर नीट चालतो. जगभरातल्या हौशी सायकलपटूंनी हा जोड वर्षानुवर्षं वापरला आहे. चाक तेच, कॅसेट तीच, क्रँक तोच.

अडचण एकच. कंपन्या आता १२ आणि १३ गिअरकडे गेल्या आहेत. ११ गिअरचा ई-टॅप हवा असेल, तर जुना साठा किंवा सेकंडहँड माल शोधावा लागतो. सेकंडहँड घेताना डिरेलरची बॅटरी, चार्जर आणि दोन्ही लिव्हर एकमेकांशी जोडले जातात का, हे समोर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चिनी संचांचा रस्ता वेगळा आहे. व्हीलटॉपसारख्या संचात मोबाइल ॲपमधून गिअरची संख्या निवडता येते आणि प्रत्येक गिअरची जागा बारकाईनं नेमता येते. म्हणजे कॅसेट कुणाचीही असो, डिरेलरला तिची ओळख करून देता येते. कागदावर हा मिसळीसाठी सर्वात सोयीचा पर्याय दिसतो. फक्त ही जुळवाजुळव स्वतः करावी लागते आणि त्यासाठी संयम लागतो.

मिसळ कुठे अडते?

चार जागा आहेत. खरेदीआधी या चारही तपासा.

एक: मागच्या चाकाचा फ्रीहब. कॅसेट ज्या नळीवर बसते तिला फ्रीहब म्हणतात. ८, ९ आणि १० गिअरच्या जुन्या रोड चाकांचा फ्रीहब ११ गिअरच्या फ्रीहबपेक्षा १.८५ मिलिमीटर आखूड असतो. ऐकायला दोन मिलिमीटरही नाही, पण त्यामुळे ११ गिअरची रोड कॅसेट त्यावर सहसा बसत नाही आणि नवं चाक घ्यावं लागतं. शिमानोच्या १२ गिअरच्या रोड कॅसेट मात्र ११ गिअरच्या फ्रीहबवर बसतात. स्रॅमच्या १२ गिअरच्या बहुतेक रोड कॅसेटची सर्वात लहान चकती १० दातांची असते आणि त्यांना एक्सडीआर नावाचा वेगळाच फ्रीहब लागतो. ‘फक्त डिरेलर बदलू’ म्हणून सुरू झालेला खर्च चाकापर्यंत पोचतो तो असा.

दोन: चेन. स्रॅमच्या १२ गिअरच्या रोड संचाची चेन एका बाजूनं सपाट असते आणि तिचे रोलर नेहमीपेक्षा जाड असतात. कंपनी ती चेन स्वतःच्याच १२ गिअरच्या कॅसेट आणि चेनव्हीलबरोबर वापरायला सांगते. जुन्या चेनव्हीलवर ती चढवली आणि आवाज यायला लागला, तर दोष डिरेलरचा नसतो.

तीन: डिरेलरची क्षमता. प्रत्येक डिरेलर मागे जास्तीत जास्त किती दातांची चकती झेपवेल आणि एकूण किती ढिली चेन आवरेल, हे ठरलेलं असतं. हिशेब सोपा आहे. पुढच्या दोन चेनव्हीलमधला फरक आणि मागच्या सर्वात मोठ्या व सर्वात लहान चकतीतला फरक, यांची बेरीज करा. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३२ असेल तर १६ अधिक २१, म्हणजे ३७. डिरेलरच्या माहितीपत्रकातला आकडा यापेक्षा कमी असेल तर तो घेऊ नका.

चार: हँगर. डिरेलर ज्या छोट्या धातूच्या पट्टीवर लटकतो ती. सायकल एकदा उजव्या बाजूला पडली की ती पट्टी वाकते. हँगर वाकडा असेल तर लाखाचा डिरेलरही चकती चुकवतो. नवा संच लावण्याआधी हँगर सरळ करून घेणं हे सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त विसरलं जाणारं काम आहे.

ब्रेकमध्ये तडजोड का नको?

रोड बाइकमध्ये गिअरचं बटण आणि ब्रेकचा लिव्हर एकाच मुठीत असतात. त्यामुळे गिअर बदलायला निघालेला माणूस नकळत ब्रेकलाही हात घालतो.

सायकलला केबलचे रिम ब्रेक असतील तर काम तुलनेनं सोपं. नवा लिव्हर ब्रेकची केबल ओढतो, ब्रेक लागतो. तरीही जुन्या ब्रेकला नव्या लिव्हरची ओढ पुरते का, हे उभ्या सायकलवर आणि मग रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात तपासायला हवं.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर खेळ बदलतो. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. स्रॅमच्या रोड ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड असतं, मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये असतं त्या जातीचं. या दोन द्रवांसाठी आतले रबरी सील वेगवेगळे बनवलेले असतात. चुकीचा द्रव गेला की सील फुगतात किंवा खराब होतात. याची वाईट बाजू अशी की बिघाड लगेच कळेलच असं नाही. घरासमोर ब्रेक नीट लागतो आणि पुढे कधीतरी लिव्हर थेट हँडलपर्यंत दबतो.

काही चिनी संचांच्या लिव्हरमध्येही मिनरल ऑइल असतं. म्हणून ते शिमानोच्या कॅलिपरला जोडावेत का? तेल सारखं असणं पुरेसं नाही. लिव्हर किती द्रव ढकलतो आणि कॅलिपरला किती लागतो, हे प्रमाणही जुळावं लागतं. कंपनी आपल्या तक्त्यात दिलेल्या जोड्यांचीच हमी देते. बाकीच्या जोड्यांची जबाबदारी चालवणाऱ्यावर.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर, नळी आणि कॅलिपर एकाच कंपनीचे, एकाच घरातले. गिअरची मिसळ चुकली तर चेन घसरते. ब्रेकची मिसळ चुकली तर माणूस घसरतो, आणि पुणे-सोलापूर किंवा पुणे-अहिल्यानगर महामार्गावर मागून काय येत असतं ते सांगायला नको.

यातून एक मधली वाटही आहे. जुने हायड्रॉलिक लिव्हर आणि ब्रेक तसेच ठेवायचे, त्यातला गिअरचा भाग वापरायचा नाही आणि हँडलवर वेगळी छोटी बटणं लावून वायरलेस डिरेलर चालवायचा. स्रॅमची अशी बटणं मिळतात. दिसायला थोडं जुगाड वाटतं, पण ब्रेकला हात लागत नाही.

तुमची सायकल कुठल्या गटात बसते?

पहिला गट: ११ गिअर, केबलचे रिम ब्रेक. मिसळीसाठी सर्वात सोयीची सायकल. कॅसेट, क्रँक, चाकं राहतात. डिरेलर आणि लिव्हर बदलतात.

दुसरा गट: ११ गिअर, हायड्रॉलिक डिस्क. इथे दोनच शहाणे पर्याय. एक, लिव्हर आणि ब्रेक दोन्ही एकाच कंपनीचे नवे घ्या. दोन, ब्रेकला न शिवता वेगळ्या बटणांची मधली वाट धरा.

तिसरा गट: ८ किंवा ९ गिअरची सुरुवातीची रोड बाइक. भारतात पहिली रोड बाइक म्हणून अनेक जण हीच घेतात. मोठ्या कंपन्यांचा इलेक्ट्रॉनिक संच लावायचा तर कॅसेट, चेन आणि क्रँकसकट बहुधा चाकही बदलावं लागतं. म्हणजे सायकलच्या किमतीपेक्षा गिअरची किंमत जास्त. हे म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर महाग. या गटातल्यांनी पैसे साठवून पुढची सायकलच इलेक्ट्रॉनिक घेणं शहाणपणाचं.

शिरूर-दौंडमध्ये गणित वेगळं का?

पुणे ग्रँड टूरमध्ये मुळशी-मावळचा डोंगराळ टप्पा होता. शिरूर आणि दौंड हा त्याच्या बरोबर उलटा मुलूख. घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या काठचं पठार. रस्ते लांब, सरळ, बरेचसे सपाट. घाटात वळणावळणाला गिअर बदलावा लागतो. इथे एकदा लय लागली की किलोमीटरमागून किलोमीटर एकाच गिअरवर जातात.

याचे दोन अर्थ निघतात. बॅटरी कमी खर्च होते, हा फायदा. पण ज्यासाठी पैसे मोजले ते बटण कमी वेळा दाबलं जातं, हा तोटा. सपाट रस्त्यावर वायरलेसमुळे वेग वाढत नाही. तिथे हवेचा अडथळा, टायर आणि पाय या तीन गोष्टी जास्त बोलतात.

दुसरी गोष्ट ऊस. साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गाळप हंगाम चालतो. हीच थंडी सायकलिंगसाठी सर्वात चांगली. त्याच वेळी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, सांडलेलं पाचट आणि कांड्या असतात. बाजूपट्टीवर माती आणि धूळ. ही धूळ चेनच्या तेलात बसली की घासकागद तयार होतो. गिअर केबलचा असो की वायरलेस, मळकी चेन दोघांनाही सारखीच खाते. वायरलेसमध्ये केबलच्या नळीत धूळ जाऊन गिअर जड होण्याचा त्रास मात्र जातो, ही जमेची बाजू.

तिसरी गोष्ट वाहतूक. शिक्रापूर, रांजणगाव, कुरकुंभ हा औद्योगिक पट्टा आहे. कंटेनर आणि कंपन्यांच्या बस सतत चालू. अशा रस्त्यावर ब्रेकवरचं बोट न हलवता हलक्या स्पर्शानं गिअर बदलता येणं ही सोय आहे. ज्यांच्या बोटांना सांधेदुखी आहे किंवा हात लहान आहेत, त्यांना तर हा फरक मोठा वाटतो. लिव्हर दाबायला जोर लागत नाही.

चौथी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट दुरुस्ती. गिअरची केबल तुटली तर तालुक्याच्या गावातला सायकल मिस्त्री तासाभरात नवी घालून देऊ शकतो. डिरेलरची मोटर गेली किंवा सॉफ्टवेअर अडकलं तर त्याच्याकडे ना सुटा भाग असतो, ना ॲप. हा त्याचा दोष नाही. कंपन्यांचं प्रशिक्षण आणि सुटे भाग मोठ्या शहरांतल्या ठरावीक दुकानांपर्यंतच पोचतात. शिरूरपासून पुणे सत्तर किलोमीटरच्या आसपास, दौंडपासून ऐंशीच्या आसपास. दौंडला निदान रेल्वे जंक्शन आहे. शिरूरला रेल्वेच नाही.

मिसळ केलेल्या सायकलची दुरुस्ती तर आणखी अवघड. डिरेलरवाला म्हणतो कॅसेट आमची नाही, कॅसेटवाला म्हणतो डिरेलर आमचा नाही. म्हणून मिसळ करणाऱ्यानं कुठला भाग कुठल्या मॉडेलचा, याची यादी मोबाइलमध्ये ठेवलेली बरी.

बॅटरी रस्त्यात संपली तर?

घाबरण्यासारखं काही नाही. सायकल थांबत नाही, गिअर बदलणं थांबतं. चेन ज्या चकतीवर आहे तिथेच राहते आणि ब्रेक नेहमीसारखे चालतात.

स्रॅमच्या डिरेलरची बॅटरी एका चार्जवर सुमारे ६० तास चालते आणि साधारण तासाभरात चार्ज होते, असं कंपनी सांगते. शिमानोच्या १२ गिअरच्या डीआयटूसाठी कंपनीचा आकडा सुमारे १,००० किलोमीटरचा आहे. आठवड्याला शंभर किलोमीटर चालवणाऱ्यासाठी ही दोन महिन्यांहून जास्त काळाची बेगमी झाली. नेमकं यामुळेच चार्ज करायचं विसरतं.

स्रॅममध्ये एक सोय आहे. पुढच्या आणि मागच्या डिरेलरची बॅटरी एकसारखी असते. मागची संपली तर पुढची काढून मागे लावायची आणि घर गाठायचं.

हँडलवरच्या बटणांमध्ये नाण्यासारखा सेल असतो. स्रॅममध्ये सीआर२०३२, जो घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो. शिमानोच्या १२ गिअरच्या लिव्हरमध्ये सीआर१६३२ लागतो. तो प्रत्येक दुकानात असेलच असं नाही, म्हणून एक जोडी घरात ठेवावी. हे सेल घरातल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळले तर जिवावर बेततं.

आणखी एक. एप्रिल-मेमध्ये इकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. बंद गाडीत सायकल किंवा बॅटरी दिवसभर ठेवू नका. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही.

कुणी बाहेरून गिअर बदलू शकतं का?

सोशल मीडियावर हा प्रश्न बऱ्याचदा फिरतो. त्याला खरा आधार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सॅन दिएगो केंद्र आणि नॉर्थईस्टर्न विद्यापीठ यांच्या संशोधकांनी शिमानो डीआयटूवरचा अभ्यास मांडला. गिअर बदलण्याचा रेडिओ संदेश पकडून ठेवायचा आणि नंतर तोच पुन्हा सोडायचा, एवढ्यावर त्यांना सुमारे १० मीटर अंतरावरून दुसऱ्याच्या सायकलचा गिअर बदलता आला. संशोधकांनी कंपनीला आधी कळवलं आणि शिमानोनं त्यावर सॉफ्टवेअर अपडेट आणला.

मोठ्या शर्यतीत हा गंभीर मुद्दा आहे. चढावर ऐन मोक्याच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याचा गिअर जड केला तर निकाल बदलू शकतो. न्हावऱ्याच्या रस्त्यावर रविवारी सकाळी तुमचा गिअर हॅक करायला कुणी येण्याची शक्यता मात्र नगण्य. धडा वेगळा आहे. गिअर आता छोटा संगणक झाला आहे, त्यामुळे मोबाइलसारखे त्याचेही अपडेट करावे लागतात. सेकंडहँड घेतला असेल तर पहिलं काम तेच. आणि स्वस्त संच घेताना विचारावं: ही कंपनी तीन वर्षांनी अपडेट देत असेल का? ॲपच बंद पडलं तर डिरेलर जुळवणार कसा?

मग करायचं की नाही?

यात चूक-बरोबर असं एकच उत्तर नाही. पण खर्चाचा क्रम ठरवता येतो.

आधी हँगर सरळ करा, नवी चेन, नव्या केबल आणि केबलच्या नळ्या घाला. ‘गिअर नीट पडत नाहीत’ ही तक्रार अनेकदा इथेच मिटते, आणि तीही वायरलेस संचाच्या किमतीच्या छोट्याशा भागात. यानंतरही वायरलेसचीच ओढ असेल, तर ती गरज आहे की हौस, हे स्वतःशी स्पष्ट करा. हौस असणं गुन्हा नाही. फक्त हौसेला गरजेचं नाव दिलं की हिशेब चुकतो.

हात दुखतात, घाटात नियमित जाता, लांब पल्ल्याच्या राइड करता, शर्यतींत उतरता, तर फायदा खरा आहे. दौंड ते पाटस आणि परत, किंवा शिरूर ते रांजणगाव आणि परत, आठवड्यातून दोनदा एवढंच असेल, तर हाच पैसा चांगले टायर, हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि अंगाला नीट बसणारी सायकल यांत जास्त वसूल होतो.

आणि घ्यायचंच ठरलं तर पैसे देण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहून काढा: फ्रीहब कुठला, कॅसेट किती गिअरची, डिरेलरची क्षमता किती, ब्रेकमध्ये कुठलं तेल, आणि बिघडल्यावर दुरुस्ती कुठे. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं दुकानदाराकडून लेखी घ्या. पाचव्याचं उत्तर मिळत नसेल, तर जुने लिव्हर, डिरेलर आणि केबल विकू नका. जपून ठेवा. वायरलेस डिरेलर दुरुस्तीला पुण्याला गेला, तर तो परत येईपर्यंत सायकल त्यांच्यावरच चालणार आहे.